उद्याच्या पावसासाठी आजची मोरी

मागील अंकात या सदरातून असे लिहिले होते की, पूल, मोऱ्या, गटारे, तटबंध आणि लोहमार्ग यांचे संकल्पन (डिझाइन) करताना अभियंत्यांनी जुन्या नोंदींबरोबर येत्या काळातील हवामानाची अनुमानेही हिशेबात धरली पाहिजेत. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी शंका घेतल्या, काहींनी स्पष्ट मतभेद नोंदवले, तर काहींनी आज त्यांच्या टेबलावर पडलेलेच प्रश्न विचारले. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. अभियंत्यांच्या बोलण्यात ज्याला ‘क्लायमेट प्रोजेक्शन’ म्हणतात, त्यासाठी ‘अनुमान’ हा शब्द वापरला आहे. ‘भाकीत’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे आणि त्याचे कारण दुसऱ्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी पर्जन्यजलवाहिन्यांचे संकल्पन करतो. जवळच्या पर्जन्यमापकाच्या चाळीस वर्षांच्या नोंदी आमच्याकडे आहेत. त्यांवरून आम्ही दहा, पंचवीस किंवा शंभर वर्षांतून एकदा पडणाऱ्या पावसाची तीव्रता काढतो. प्रत्यक्ष मोजलेले आकडे हाताशी असताना संगणकावरच्या हवामान-प्रतिमानांकडे (मॉडेलांकडे) का वळावे? (एक स्थापत्य अभियंता)

उत्तर : मोजलेल्या नोंदी बाजूला ठेवाव्यात, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. अनुमाने कितपत विश्वासार्ह आहेत हे तपासायचे झाले, तरी ते याच नोंदींच्या कसोटीवर तपासावे लागते. अडचण आहे ती नोंदींतून निष्कर्ष काढताना आपण मनाशी धरलेल्या गृहीतकाची. चाळीस वर्षांच्या पावसाला संभाव्यतेचा वक्र बसवताना आपण नकळत असे मानतो की, पहिल्या वर्षाचा आणि चाळिसाव्या वर्षाचा पाऊस एकाच पोतडीतून निघाला आहे आणि वाहिनी जमिनीखाली राहील त्या पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा पाऊसही त्याच पोतडीतून निघणार आहे. संख्याशास्त्रात या गृहीतकाला स्थिरता म्हणतात. २००८ साली जलशास्त्रज्ञ पी. सी. डी. मिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात, जलव्यवस्थापनाचा हा पाया आता उरलेला नाही, असे रोखठोक मांडले.

असे म्हणण्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि तीव्र सरींना इंधन या बाष्पाचेच मिळते. आयपीसीसी या हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, औद्योगिकीकरणापूर्वीच्या हवामानात जमिनीवर सरासरी दहा वर्षांतून एकदा येणारी एक दिवसाची अतिवृष्टी, पृथ्वी १ अंशाने तापल्यावर सुमारे १.३ पट, २ अंशांनी तापल्यावर १.७ पट आणि ४ अंशांनी तापल्यावर २.७ पट वारंवार येते. हे जगभराचे सरासरी आकडे आहेत, आपल्या पाणलोट क्षेत्राचे नव्हेत; तरी बदलाची दिशा त्यांतून कळते. शिवाय आपल्या चाळीस वर्षांच्या नोंदींचा मध्य आजपासून वीस वर्षे मागे आहे. म्हणजे आपण ज्याला ‘आजचा पाऊस’ म्हणून वापरता, तोसुद्धा थोडा शिळा झालेला आहे.

अल्पकाळाच्या नोंदी किती फसवू शकतात, याचे एक उदाहरण हवामानबदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या पाण्याचे सात राज्यांतील वाटप १९२२ च्या कराराने ठरले, तेव्हा हाती असलेल्या थोड्या वर्षांच्या नोंदी नेमक्या भरपूर पाण्याच्या काळातल्या होत्या. झाडांच्या खोडांतील वर्तुळांवरून नंतर दिसून आले की, तो काळ कित्येक शतकांतील अधिक ओल्या काळांपैकी एक होता. नदीत सरासरीने जेवढे पाणी असते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटले गेले आणि त्याचे परिणाम शंभर वर्षांनंतरही भोगावे लागत आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्याला माहीत असेलच, पण ज्यांच्या सहीने संकल्पन मंजूर होते त्यांना ती वारंवार सांगावी लागते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ, दरवर्षी १ टक्का संभाव्यता. पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या बांधकामाच्या आयुष्यात असा पाऊस एकदा तरी पडण्याची शक्यता सुमारे ३९.५ टक्के असते. तीच वार्षिक संभाव्यता २ टक्के झाली, तर पन्नास वर्षांतील शक्यता ६३.६ टक्क्यांवर जाते. कागदावर एकाचे दोन झाले, एवढेच दिसते. प्रत्यक्षात जे बहुधा टळले असते, ते बहुधा घडणारच अशी स्थिती येते.

प्रश्न : पाच दिवसांनंतरच्या पावसाचा अंदाज चुकतो, तर २०८० सालचे हवामान कोण सांगू शकेल? (विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : पुढच्या मंगळवारी सकाळी एखाद्या पुलावरून किती टनांचा ट्रक जाईल, हे कोणताही अभियंता सांगू शकत नाही. परंतु त्या मार्गावरील वाहतुकीचे स्वरूप, तिची वाढ आणि कायद्याने मान्य केलेला आसभार (चाकांच्या एका आसावर येणारे वजन) माहीत असला, तर पुढच्या तीस वर्षांत पुलावर कोणत्या प्रकारचे भार किती वेळा येतील, याचे गणित तो मांडतो आणि त्यावर पूल उभा करतो. हवामानाच्या अनुमानाची जात हीच आहे. अमुक दिवशी काय होईल, हे सांगण्याचा त्याचा दावाच नसतो. वातावरणातील हरितगृह वायूंचे प्रमाण अमुक इतके झाले, तर सरासरी आणि टोकाच्या घटनांचे वितरण तमुक दिशेने सरकेल, असे ते जर-तरचे विधान असते. त्यातला ‘जर’ माणसांच्या हातात आहे, म्हणून त्याला भाकीत म्हणणे चूक आहे.

या विधानांचा आजवरचा अनुभवही तपासला गेला आहे. हवामानशास्त्रज्ञ झीक हाउसफादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेली जागतिक तापमानाची १७ अनुमाने नंतरच्या मोजमापांशी ताडून पाहिली. त्या त्या लेखकांनी उत्सर्जनाबद्दल धरलेले आकडे प्रत्यक्षातील आकड्यांशी जुळवून घेतल्यावर १४ अनुमाने मोजमापांशी सुसंगत ठरली. म्हणजे चुकले असेल तर मुख्यतः ‘जर’ चुकले होते, ‘तर’ बऱ्याच अंशी बरोबर होते. अर्थात जागतिक तापमान आणि एखाद्या ओढ्याचा पूर यांत फार मोठे अंतर आहे. पुढच्या पत्रात तोच प्रश्न आला आहे.

प्रश्न : एका पुलाच्या संकल्पनासाठी आम्ही अनुमाने मागवली, तेव्हा वीसहून अधिक प्रतिमानांचे आणि चार उत्सर्जन-मार्गांचे (हरितगृह वायू पुढे किती सोडले जातील याच्या चार शक्यतांचे) आकडे आले. काहींत अतिवृष्टी जेमतेम वाढते, काहींत फार वाढते, एक-दोन प्रतिमानांत तर ती घटते. सगळ्यांची सरासरी घ्यावी, की सर्वांत वाईट आकडा घ्यावा? (सल्लागार कंपनीतील एक जलशास्त्र अभियंता)

उत्तर : दोन्ही नको, असे माझे स्पष्ट मत आहे. आलेल्या पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आकड्यांतील ही तफावत तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येते आणि त्या तिन्हींशी वागण्याच्या रीती वेगळ्या आहेत. एक म्हणजे हवामानाचे अंगभूत चढउतार. हवामान बदलले नसते तरी काही दशके ओली आणि काही कोरडी गेलीच असती. दुसरे कारण प्रतिमानांतील फरक, कारण ढग, जमिनीतील ओलावा, सागरी प्रवाह यांचे वर्णन प्रत्येक प्रतिमान आपापल्या रीतीने करते. तिसरे कारण उत्सर्जनाचे मार्ग. एड हॉकिन्स आणि रोवन सटन या हवामानशास्त्रज्ञांनी २००९ साली या तीन वाट्यांची जी मांडणी केली, ती संकल्पन करणाऱ्याने एकदा तरी समजून घ्यावी. जवळच्या एक-दोन दशकांत, विशेषतः लहान प्रदेशाच्या पावसासाठी, अंगभूत चढउतार आणि प्रतिमानांतील फरक यांचेच राज्य असते. उत्सर्जनाचा मार्ग कोणता, याने फारसा फरक पडत नाही. शतकाच्या उत्तरार्धात मात्र, तापमानाच्या बाबतीत तरी, मार्गाची निवड सर्वांत वरचढ ठरते. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात २०८१ ते २१०० या काळासाठीची तापमानवाढ कमी उत्सर्जनाच्या एका मार्गात सुमारे १.८ अंश, मधल्या मार्गात २.७ अंश आणि अतिउच्च मार्गात ४.४ अंश अशी दिली आहे.

म्हणून आकडा निवडण्याआधी बांधकामाचे आयुष्य ठरवा. दहा-पंधरा वर्षांनी नव्याने करायच्या डांबरी थरासाठी २१०० सालच्या मार्गांवर वाद घालणे हा वेळेचा अपव्यय आहे. शंभर वर्षांसाठी बांधायच्या पुलाला तो वाद टाळता येणार नाही. तेथे निदान मधला आणि उच्च असे दोन मार्ग तपासले पाहिजेत. सर्वांत वरचा मार्ग मी नेहमीचा पाया म्हणून घेणार नाही, पण बांधकामाची कसोटी पाहण्यासाठी तो जरूर लावीन, कारण तापमानवाढ आपल्या समजुतीपेक्षा तीव्र निघाली तर काय होईल, हेही त्यातून कळते.

आता सरासरीविषयी. वीस प्रतिमानांच्या दैनंदिन पावसाची सरासरी काढली, की प्रत्येकातील वादळे वेगवेगळ्या दिवशी पडलेली असल्यामुळे ती सगळी विरघळतात आणि उरतो तो कोठेही न पडणारा संथ पाऊस. अतिवृष्टीचे विश्लेषण प्रत्येक प्रतिमानाच्या मालिकेवर स्वतंत्रपणे करावे आणि मगच आलेल्या बदलांचा पट्टा पाहावा. एका सरासरी आकड्यापेक्षा तो पट्टाच आपल्याला अधिक सांगतो. तसेच प्रतिमानाचा पाऊस जसाच्या तसा वापरू नये. जागतिक प्रतिमाने पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींच्या जाळीत विभागतात आणि त्यातली एक चौकट साधारण १०० किलोमीटर बाजूची असते; त्या चौकटीत आपला ओढा, त्यामागचा डोंगर आणि त्यावर फुटणारा ढग यांपैकी काहीच दिसत नाही. भूतकाळाच्या आणि भविष्याच्या पावसातील बदलाचे गुणोत्तर प्रतिमानातून घ्यावे आणि ते मोजलेल्या नोंदींवरून काढलेल्या तीव्रतेला लावावे, ही पद्धत साधी असली तरी तिचा पाया बऱ्यापैकी भक्कम आहे. आपण वर्षानुवर्षे जपलेल्या नोंदींचे मोल येथे पुन्हा दिसते.

चौकट बारीक केली की माहिती वाढते, असा एक गैरसमज या कामात वारंवार आढळतो. ब्रिटनच्या २०१८ च्या राष्ट्रीय अनुमान-संचात २.२ किलोमीटरच्या जाळीवर चालवलेली प्रतिमाने आहेत. एवढ्या बारीक जाळीत उंच गडगडाटी ढग घडताना प्रत्यक्ष सोडवता येतात, म्हणून तासाभराच्या सरींसाठी ती खरोखर उपयोगी आहेत. परंतु मोठ्या चौकटीचे आकडे केवळ संख्याशास्त्रीय तंत्राने लहान चौकटींत वाटून दिलेले असतील, तर नकाशा सुबक दिसतो आणि ज्ञान तेवढेच राहते. ज्या आकड्यातला पहिला अंकसुद्धा पक्का नाही, तो दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहिलेला मी अनेक संकल्पन-अहवालांत पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी मला त्या बांधकामाखाली राहणाऱ्या माणसांची काळजी वाटली आहे.

शेवटी, सगळ्या हवामान-घटकांवर सारखा विश्वास ठेवू नये. तापमानवाढ आणि समुद्राची वाढ यांची दिशा पक्की आहे. अल्पकाळाच्या तीव्र सरी आणखी तीव्र होतील, हेही बहुतेक ठिकाणी भरवशाने म्हणता येते. एखाद्या जागेचा हंगामी एकूण पाऊस, वाऱ्याचे झोत आणि गारपीट यांबाबत मात्र हात राखूनच बोलावे. ऑस्ट्रेलियाच्या पर्जन्य आणि पूर मार्गदर्शिकेत २०२४ साली जी सुधारणा झाली, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे आधी तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे पावसाची तीव्रता ५ टक्क्यांनी वाढवत. आता चोवीस तास किंवा त्याहून दीर्घ पावसासाठी ८ टक्के आणि एक तास किंवा त्याहून अल्प पावसासाठी १५ टक्के वाढ धरतात. पाणलोट क्षेत्र लहान असेल तर तेथे पूर अल्पकाळाच्या सरीने येतो. तेव्हा आपल्या पुलाला यांतला कोणता आकडा लागू आहे, हे ओढ्याचा पूर किती वेळात पुलाशी पोहोचतो त्यावरून ठरेल.

प्रश्न : आमच्या कार्यालयात ‘सगळ्या पावसावर सरसकट २० टक्के चढवा’ असे सांगितले जाते. एवढ्याने काम भागते काय? (एक कनिष्ठ अभियंता)

उत्तर : लहान कामांसाठी सरसकट वाढ धरणे ही काही वाईट सवय नाही. प्रत्येक मोरीसाठी वीस प्रतिमाने उघडण्याइतका वेळ आणि पैसा कोणाकडेच नसतो. खरे तर वाहिन्यांच्या बाबतीत ही तरतूद वाटते त्याहून स्वस्त पडते. गुरुत्वाने वाहणाऱ्या गोल वाहिनीची क्षमता, उतार आणि खडबडीतपणा तोच असताना, व्यासाच्या ८/३ घातांकाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे २० टक्के जास्त पाणी नेण्यासाठी व्यास सुमारे ७ टक्केच वाढवावा लागतो आणि ३० टक्के जास्त पाण्यासाठी सुमारे १० टक्के. खोदाई, भराव, रस्ता पूर्ववत करणे हा खर्च दोन्ही वेळी जवळपास तोच राहतो. नंतर तीच वाहिनी उखडून मोठी करायची झाली, तर मात्र सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

पण तीन ठिकाणी ही सवय घात करू शकते. पाऊस २० टक्के वाढला म्हणजे पूरही २० टक्के वाढेल, असे नसते. जमीन आपल्या वाट्याचे पाणी आधी पिते आणि वरचे बहुतेक वाहून जाते. पावसातले किती पाणी वाहून जाईल हे जमिनीला दिलेल्या क्रमांकावरून काढणाऱ्या कर्व्ह नंबर पद्धतीने ७५ क्रमांकाच्या जमिनीसाठी हिशेब करून पाहा : १०० मिलिमीटर पावसातून सुमारे ४१ मिलिमीटर पाणी वाहते, तर १२० मिलिमीटर पावसातून सुमारे ५७ मिलिमीटर. म्हणजे पाऊस २० टक्क्यांनी वाढला आणि वाहते पाणी सुमारे ३८ टक्क्यांनी. दुसरी जागा म्हणजे वाहिनीचे तोंड. ती समुद्रात किंवा भरतीच्या खाडीत उतरत असेल, तर बाहेरच्या पाण्याची पातळी वाढल्यावर आतला व्यास कितीही मोठा असला तरी पाणी तुंबते. तेथे पावसावर टक्के चढवून उपयोग नाही. झडपा, पंप किंवा पाणी साठवण्याची जागा यांचा विचार करावा लागतो. तिसरी जागा म्हणजे ज्यांच्या अपयशाने जीवितहानी होईल अशी बांधकामे, उदाहरणार्थ मातीच्या धरणाचा सांडवा. पाणी माथ्यावरून वाहू लागले तर मातीचे धरण टिकत नाही, आणि अशा ठिकाणी ठोकळ टक्केवारीवर निभावून नेणे मला मान्य नाही.

अशा महत्त्वाच्या कामांत प्रश्न उलटा विचारून पाहावा. ‘भविष्यात पाऊस किती वाढेल?’ येथून सुरुवात न करता, ‘पाऊस किती वाढला तर माझे बांधकाम निकामी होईल?’ येथून सुरुवात करावी. संकल्पन-पाऊस १०, २०, ३०, ४० टक्के असा वाढवत न्यावा आणि पाणी पुलाच्या गर्डरला कधी टेकते, पाया कधी खरवडला जातो, वीज-उपकेंद्राच्या खोलीत पाणी कधी शिरते, हे नोंदवावे. तो उंबरठा सापडल्यावर मग अनुमाने उघडावीत आणि बांधकामाच्या आयुष्यकाळात किती प्रतिमाने तो उंबरठा ओलांडतात, ते पाहावे. उंबरठा ५० टक्क्यांवर असेल आणि एकही प्रतिमान तिथवर जात नसेल, तर बारीक जाळीचा वाद थांबवून पुढच्या कामाला लागता येते. तो १२ टक्क्यांवर सापडला आणि निम्मी प्रतिमाने पलीकडे गेली, तर कोणत्याही सरासरीची वाट न पाहता संकल्पन बदलावे.

प्रश्न : घडेल की नाही याची खात्री नसलेल्या गोष्टीसाठी जनतेचा पैसा आज का खर्च करावा? पुढच्या पिढ्या आपल्यापेक्षा श्रीमंत आणि हुशार असतील. त्या पाहून घेतील. (एक लोकप्रतिनिधी)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे आणि अभियंत्यांनी तो गंभीरपणे घ्यायला हवा. गरजेपेक्षा मोठे बांधकाम हीदेखील चूकच आहे. त्यातील सिमेंट आणि पोलाद यांचा भार शेवटी उत्सर्जनावरच पडतो. मात्र पुढच्या पिढीवर काम सोपवायचे असेल, तर ते काम तिला करता येण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी आपली आहे. काही गोष्टी नंतर सहज बदलता येतात, तर काही जवळपास येतच नाहीत. पंप वाढवता येतो, भिंतीवर भिंत चढवता येते. पुलाची मोकळी उंची, पायाची खोली, बोगद्याचा व्यास, प्रकल्पाची जागा या गोष्टी एकदाच ठरतात.

कॅनडातील कॉन्फेडरेशन पूल १९९७ साली खुला झाला. त्याची लांबी १२.९ किलोमीटर आणि संकल्पित आयुष्य १०० वर्षे. समुद्राची संभाव्य वाढ लक्षात घेऊन तो बांधतानाच सुमारे १ मीटर उंच ठेवला गेला. बॉस्टनच्या बंदरातील डिअर आयलंड सांडपाणी प्रकल्पाचेही असेच. समुद्र वाढल्यावरही प्रक्रिया केलेले पाणी पंपाशिवाय बाहेर पडावे म्हणून तो प्रकल्प सुमारे १.९ फूट उंच बांधला. दोन्ही निर्णय १९९० च्या सुमाराचे आहेत, आणि तेव्हाची अनुमाने आजच्यापेक्षा कितीतरी कच्ची होती. अचूक आकड्याची वाट पाहत बसले असते, तर ती उंची मिळवण्याची संधी कायमची गेली असती.

याउलट लंडनचे उदाहरण पाहा. तेथील थेम्स बॅरियर हा नदीवरचा उघडझाप करणारा अडसर १९८२ पासून शहराला भरतीच्या पुरापासून राखत आहे. पुढे काय करायचे, हे ठरवण्यासाठी आखलेल्या ‘थेम्स एस्च्युअरी २१००’ या योजनेने सर्वांत वाईट शक्यतेसाठी लगेच नवा अडसर बांधायला घेतला नाही. पाण्याची पातळी टोकाच्या स्थितीत २.७ मीटरपर्यंत वाढली तरी कोणकोणते मार्ग खुले राहतील, ते तिने आधी मांडले. कोणत्या पातळीला कोणता मार्ग संपतो आणि पुढचा कधी सुरू करावा लागतो, हे ठरवले. आणि समुद्राची पातळी, तटबंधांची अवस्था अशा निर्देशकांवर नजर ठेवून ठरावीक वर्षांनी फेरआढावा घेण्याची व्यवस्था केली. २०२३ च्या फेरआढाव्यात बॅरियरच्या वरच्या अंगाचे तट उंच करण्याची मुदत २०६५ वरून २०५० वर, म्हणजे पंधरा वर्षे अलीकडे आणली गेली. आपण ज्याला ‘नंतर पाहू’ म्हणता, ते जबाबदारीने करायचे म्हणजे असे करायचे : जागा राखून ठेवायची, पाया जास्त भार घेईल असा घालायचा आणि मोजत राहायचे. समुद्राच्या बाबतीत तर याला पर्याय दिसत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला, आणि उत्सर्जन आज थांबले तरी ही वाढ शतकानुशतके चालू राहणार आहे. ती २१०० साली थांबणार नाही, एवढे गृहीत धरूनच किनाऱ्यावरची जागा निवडावी.

आपल्याकडे मंजुरीसाठी एखादा प्रस्ताव आला, तर त्यात पुढे उंची किंवा क्षमता वाढवायची झाल्यास ती कशी वाढवता येईल आणि त्याला किती खर्च येईल, एवढे जरी आपण विचारलेत, तरी संकल्पनाच्या टेबलावर पुष्कळ बदल होईल.

प्रश्न : चर्चा नेहमी पुराचीच होते. उष्णतेमुळे लोहमार्गाच्या संकल्पनात काय बदलते? (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी)

उत्तर : सांधे नसलेल्या लांब जोडलेल्या रुळाला प्रसरण पावायला वाव नसतो, म्हणून तापमान वाढले की त्यात दाब साठतो. तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल, असा हिशेब येतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात, ताणरहित तापमानापेक्षा (ज्या तापमानाला रुळात ना दाब असतो ना ओढ, त्यापेक्षा) २० अंश जास्त तापल्यावर, एकेका रुळात सुमारे ३७ टन बल साठते. खडीची पकड कोठे सैल असेल, तर रूळ तेथे बाजूला वाकतो. उन्हातला रूळ हवेपेक्षा २० अंशांपर्यंत अधिक तापू शकतो, हेही ध्यानात घ्या. ब्रिटनमध्ये रूळ साधारणपणे २७ अंशांना ताणरहित राहील असे बसवतात. जुलै २०२२ मध्ये तेथे हवेचे तापमान प्रथमच ४० अंशांवर गेले, तेव्हा काही मार्गांवर गाड्या थांबवाव्या लागल्या.

मग ते ताणरहित तापमानच वाढवून का टाकू नये? कारण थंडीत त्याच रुळात ओढीचा ताण येतो आणि तो तुटू शकतो. म्हणून येथे उन्हाळ्याच्या कमाल तापमानाबरोबर हिवाळ्याच्या किमान तापमानाचेही अनुमान लागते. रूळ काही दशकांत बदलले जातात आणि ताणरहित तापमान त्याआधीही पुन्हा जुळवता येते, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. सिग्नलची उपकरणे, वीजवाहक तारांचे झोळ आणि पुलांचे प्रसरण-सांधे यांनाही हाच विचार लागू पडतो.

प्रश्न : अनुमाने वापरली आणि ती चुकीची निघाली, तर जबाबदारी कोणाची? जुन्या नोंदी वापरल्या तर निदान प्रचलित पद्धतीचा आधार तरी राहतो. (एक ज्येष्ठ संकल्पन अभियंता)

उत्तर : आपल्यासारख्या अनुभवी माणसाने ही भीती उघडपणे मांडली, हे बरे झाले, अनेकांच्या मनात ती असते. जबाबदारीचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, त्यामुळे त्यावर मी लिहीत नाही. परंतु ज्या धोक्याची माहिती सर्वत्र प्रसिद्ध झालेली आहे, त्याकडे पाहिलेच नाही, हे उत्तर दिवसेंदिवस कमी आधाराचे ठरत जाणार. अनुमानांचा आकडा चुकला म्हणून दोष येण्यापेक्षा, तो का निवडला हे कोठेच लिहिलेले नाही म्हणून दोष येण्याचा संभव मला अधिक वाटतो.

म्हणून संकल्पन-अहवालात एक स्वतंत्र प्रकरण ठेवावे. नोंदी कोणत्या मापकाच्या आणि कोणत्या वर्षांच्या, बांधकामाचे आयुष्य किती धरले, कोणते उत्सर्जन-मार्ग आणि किती प्रतिमाने पाहिली, बदलाचा पट्टा काय आला, त्यातला कोणता आकडा घेतला आणि का, बांधकामाचा उंबरठा कोठे सापडला, आणि पुढे क्षमता वाढवण्यासाठी काय राखून ठेवले, हे सगळे साध्या भाषेत लिहावे. जे तपासले नाही, तेही लिहावे. त्या प्रकरणाच्या शेवटी फेरतपासणीचे वर्ष घालावे, आणि पुलाजवळची पातळी-पट्टी वाचून तिची नोंद कोणत्या पदावरच्या व्यक्तीने ठेवायची, हेही त्याच पानावर नमूद करावे. वीस वर्षांनी ती फाइल उघडणारा अभियंता आपल्याला ओळखत नसेल.